यादीतली शेवटची ओळ

लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची आणि नव्या डिस्कवर विंडोज एक्सपी टाकायची, यात सांगण्यासारखं काय असतं? चार स्क्रू काढायचे, जुनी ओढायची, नवी सरकवायची, सीडी घालायची आणि चहा सांगायचा. राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात हे काम मी डोळे मिटून करायचो. कुणी म्हणालं, "संग्राम, मशीनला कायतर झपाटलंय बघ," की मी म्हणायचो, व्हायरस आहे, ठेवून जा. आता म्हणत नाही. का, ते सांगतो. जरा जवळ सरका, मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही ही.

२००६ चा जुलै. मोठ्या पुराला वर्ष होत आलेलं. दुपारी दीडला शिरोळकडचे एक गृहस्थ आले. जय भीम म्हणाले आणि खताच्या पोत्यात गुंडाळलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला. नाव अण्णासो, वय साठीचं.

"पोराचा हाय. प्रसेनजीतचा. पुरात गेला त्यो."

लॅपटॉप गेला की पोरगा, हे मला लगेच कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. प्रसेनजीत जयसिंगपुरात कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचा. पाणी चढलं तेव्हा त्यानं गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटली. गूळ शिजवायची ती थोरली कढई, पुरात आमच्याकडं तीच होडी होते. तीन दिवस तो वस्तीतली माणसं काहिलीतून शाळेत आणत होता. कोण आलं, कोण राहिलं, याची यादी लॅपटॉपवर ठेवायचा, कारण त्या पावसात कागदाचा लगदा व्हायचा. तिसऱ्या दिवशी शेवटची खेप म्हणून एकटाच निघाला. काहील सापडली, तिच्यात भिजलेला लॅपटॉप. तो नाही.

"गाव म्हंतंय, सर्टिफिकेटं आणाय गेलता. कोण म्हंतंय टीव्हीसाठी. माझं पोरगं टीव्हीसाठी मरंल व्हय, सर? यादीत श्येवटाला कुणाचं नाव ऱ्हायलंतं, तेवढं बघा. कुणापायी गेला, तेवढं मला कळू दे."

मी झाकण उघडलं आणि वास आला. नदीच्या गाळाचा, आणि त्यावर गोड, करपट. काकवीचा.

"वाळवलाय की," ते अभिमानानं म्हणाले. "दिवाळीला गुऱ्हाळ लागल्यावर चुलवाणाच्या आगीपाशी ठेवलता दोन दीस. खडखडीत झालाय."

मी कपाळाला हात लावला. पाण्यातून वाचलेली डिस्क आगीनं मारली होती. "मामा, भिजलेला तसाच आणला असता तर कायतरी निघालं असतं!" मी फाडकन बोलून गेलो. त्यांचा चेहरा असा उतरला की स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. मग नरमाईनं म्हणालो, "नवीन डिस्क घालून चालू करून देतो. यादी मात्र मिळायची न्हाई."

"करा," ते पुटपुटले. "धाकट्या पोरीला, सोनमला तरी हुईल कॉलेजला."

नव्या डिस्कचं पाकीट मी त्यांच्यासमोर फोडलं. जुनी बॅटरी फुगली होती, ती काढून टेबलावर ठेवली आणि नुसत्या चार्जरवर काम सुरू केलं. तीनला लोडशेडिंग होतं आणि माझा यूपीएस महिनाभर बंद, दिव्याखाली अंधार. त्यामुळं जरा घाई होती.

फायली उतरल्या, मशीन नाव विचारायला लागलं. तिथं मी नेहमी दुकानाचं नाव टाकतो. चौकट कोरी असते. त्या दिवशी तिच्यात इंग्रजीत 'प्रसेनजीत' लिहिलेलं होतं.

डोक्यात ते नाव घोळतंय, आपणच टाइप केलं असणार, असं म्हणून मी ते पुसलं. अण्णासो बाकावर बसून बाहेरचा पाऊस बघत होते. त्यांना काही बोललो नाही.

बरोबर तीनला वीज गेली. पंखा घरघरत थांबला. शटर पावसामुळं अर्धं ओढलेलं, त्यामुळं दुकानात भर दुपारी अंधार. हात चोळत मी म्हणालो, "गेलं सगळं. आता पहिल्यापासनं…"

पण पडदा चालूच होता. नऊ मिनिटं बाकी.

मी टेबलावर पाहिलं. बॅटरी तिथंच पडलेली होती. चार्जरची पिन ओढून काढली.

आठ मिनिटं.

"काय झालं, सर?"

"काय न्हाई, मामा…"

नवी डिस्क बारीक टिकटिकते. ही तशी वाजत नव्हती. फळीनं पाणी मागं सारल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. मध्येच पत्र्यावर टण्ण. काकवीचा वास दाटला. पळून जावं असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण म्हातारा उठून माझ्या खांद्याशी येऊन उभा होता.

तीन… दोन… एक.

नव्या एक्सपीवर हिरवी टेकडी दिसते. इथं दिसलं पांढरं पान, आणि त्यावर मराठी. मराठी अक्षरांची सोय मी अजून टाकलीच नव्हती, नुसते चौकोन दिसायला हवे होते. पण स्वच्छ वाचता येत होतं. 'चिमणाबाई — पोचले. पिराजी, घरातली पाच — पोचले. आकाराम — पोचले.' अण्णासो एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

'अण्णा —'

पुढं काही नव्हतं.

"ह्यो मीच की…" बोट तिथंच ठेवून ते म्हणाले. "भांडण झालतं आमचं. म्हशीला सोडून येत न्हाई म्हणलं त्येला. मग मागल्या वाटंनं ट्रॅक्टर आला, त्यातनं म्हशीसकट भणीकडं गेलो. रागात हुतो… सांगितलंच न्हाई त्येला."

आतला पाण्याचा आवाज चालूच होता. मग ते पडद्यावर वाकले आणि लांबच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "आरं लेकरा, मी पोचलो रं! तवाच पोचलो! माघारी ये… माघारी ये आता!"

पाण्याचा आवाज थांबला. कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता, माझे गुडघ्यावर होते, त्यांचे छातीशी. समोर अक्षरं उमटली. पो… च… ले.

अण्णासोंनी टॉवेलात तोंड खुपसलं आणि हमसून रडले. मलाही आवरलं नाही. आणि त्यांचं तोंड टॉवेलात असतानाच पडद्यावरची कर्सरची रेघ एक ओळ खाली उतरली. सावकाश एक नाव उमटलं.

'प्रसेनजीत —'

तिथंच ती लुकलुकत राहिली. वाट बघत असल्यासारखी. मी खाडकन झाकण मिटलं. हाताला चिकट गाळ लागला.

"आनि काय लिव्हलं?"

"काय न्हाई, मामा. बंद पडला."

"सुटलं म्हणायचं पोरगं," ते डोळे पुसत म्हणाले. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे ह्यो." आणि मोकळ्या चेहऱ्यानं पावसात निघून गेले. त्या चेहऱ्यापुढं खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. कोरी होती, पाकिटातून काढली तशी. लॅपटॉप मी डिस्कशिवाय, बॅटरीशिवाय कपाटात कुलूपबंद केला.

दोन वर्षांनी, ऑगस्टात, दुकानात फोन आला. सोनम होती.

"सर, अण्णा तुमच्याकडं आलेत काय? पहाटं कुणाचीतर हाक आली म्हणाले. काहील घेऊन गेलेत नदीकडं… अजून न्हाई आले."

मी रिसीव्हर तसाच धरून कपाटाकडं पाहिलं. फटीतून उजेड येत होता. कुलूप काढलं. काकवीचा वास अंगावर आला. लॅपटॉपच्या पडद्यावर ती यादी उघडी होती.

'प्रसेनजीत — पोचले.'

आणि वरच्या ओळीत, अण्णांच्या नावापुढचं 'पोचले' पुसलेलं होतं.