गोगलगायीच्या पाच पायऱ्या

उद्या सकाळी उद्घाटन, आणि आज दुपारी गोगलगायीच्या खालच्या पाच पायऱ्या कुणीतरी कापल्या!

खांब गावाजवळ, महामार्गालगत उभी केलेली ती चार मजली पोलादी गोगलगाय. शंखात शिरायचं, वेटोळ्या जिन्याने टोकापर्यंत चढायचं आणि वरच्या सज्ज्यातून भातखाचरं पाहायची. पर्यटकांच्या गाड्या थांबाव्यात म्हणून केलेला हा सगळा खटाटोप.

पर्यटन समितीचा इंजिनीअर हर्षद याने रोह्याहून सुनीतीबाई चिटणिसांना आणलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई खाजगी तपास करत, आणि हा त्यांचा जुना विद्यार्थी बहुतेक वेळा सोबत असे. आज मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. 'टोकापर्यंत चढून पाहणी केली' या कागदावर त्याची सही होती. गुडघा दुखतो म्हणून तो दुसऱ्या मजल्यावरूनच परतला होता.

कापलेल्या पायऱ्या बाजूला नीट रचल्या होत्या. भिंतीत उरलेल्या टोकांवरून बाईंनी बोट फिरवलं.

"घासून गुळगुळीत केलंय. बघ."

"केरूचंच काम, बाई. राखणीला तोच होता."

"मी जेवाया घरी गेलतो, तासभर," राखणदार केरू म्हणाला. "सुनेनं उद्यासाठी भज्यांचं सामान भरलंय. मी कशाला पायऱ्या कापू?"

"खोटं बोलू नका!" हर्षद ओरडला.

शिल्पकार नूतन धुमसतच आली. "माझ्या करड्या गोगलगायीला समितीने सोनेरी रंग फासला. राग आहेच. पण मी रंग खरवडला असता, पायऱ्या कशाला कापू?"

शेवटी वेल्डर गणेश आला. डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामगार. सुट्टीच्या दिवशी त्याने इथलं काम केलं होतं.

"आज घरीच होतो," तो म्हणाला. मग चाचरत, "वरच्या कठड्याशी कुनी गेलं नाय ना?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना सावलीत बसवलं.

"नासधूस करणारा माणूस कापलेली टोकं घासत बसत नाही. कुणाचा हात चिरू नये, याची इथे काळजी घेतलीय. म्हणजे हेतू एवढाच, की कुणी वर चढू नये. केरूला तर गर्दी हवी होती. नूतनचा राग रंगावर. तोडफोड झाली खाली; वरच्या कठड्याची चौकशी एकट्यानेच केली. का रे, गणेश?"

गणेशची मान खाली गेली. "घाईत कठड्याचे सांधे पुरे भरले नाय, बाई. नुसते टाके मारले. मुकादमाला सांगितलं, तर म्हनला, रंग मार, झाकून जाईल. उद्या शाळेची पोरं येनार. माझी नम्रता पन हाय त्यांत."

बाईंनी शिडी मागवली. "हर्षद, बघून ये."

हर्षद चढला. टोकाशी त्याने कठड्यावर नुसता हात टेकला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि सळई बाहेर झुकली. खाली चाळीस फुटांवर माणसं एवढीएवढीशी दिसत होती. तो झटकन मागे सरला.

उतरल्यावर तो आधी केरूपाशी गेला. "काका, चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच," केरू म्हणाला.

"साहेब, पोलीस मला धरतील ना?" गणेशने विचारलं.

"आधी मला. मी न चढता सही केली."

बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हर्षदने नजर चुकवली नाही. खिशातून फोन काढून त्याने समितीच्या अध्यक्षांचा नंबर लावला.