कागद जाण्याएवढी फट

भिंत पाडायचं ठरलं ते जेवणाच्या टेबलासाठी. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली एक केली की टेबल मधोमध मावेल, आणि भाजी चिरता चिरता चिमीचा अभ्यासही घेता येईल, असं चिमीच्या आईचं म्हणणं होतं. इंजिनिअर आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "ही नुसती आडभिंत नाही. वरच्या खोलीचा सगळा भार हिच्यावर आहे. पाडा, पण नवाकोरा जाड गर्डर हवा, दोन्ही टोकांना खांब हवेत आणि खांबांना पाया हवा." खर्च ऐकून तिच्या नवऱ्याचं तोंड उतरलं.

"अहो, अख्खी भिंत बांधायला आमच्या बाबांना एवढा खर्च आला नव्हता," तो म्हणाला.

मग नेहमीचंच झालं. इंजिनिअरला चहा पाजून वाटेला लावलं आणि ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. गर्डर भंगारवाल्याकडून आला. तो किंचित वाकलेला होता. मिस्त्रीने एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि "चालून जाईल" म्हणाला. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

भिंत तिच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली होती. बांधताना एक वीट डाव्या पायावर पडली आणि तेव्हापासून त्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली, ती कायमची. लोखंडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुपारी याच भिंतीला वेताची खुर्ची लावून ते डोळे मिटायचे, आणि एकदा टेकले की दिवेलागणीपर्यंत हूं की चूं नाही. कुणी हलवलं तरी उठायचे नाहीत. शेवटच्या आजारपणात त्यांनी बजावलं होतं, "भिंतीला हात लावाल तर मला सांगून लावा." गेलेल्या माणसाला सांगायचं कसं, म्हणून कुणी सांगितलं नाही. खुर्ची तेवढी कोपऱ्यात सरकवली.

टेकू लागले, भिंत पडली, गर्डर चढला. टेकू काढताना मिस्त्रीने सगळ्यांना गप्प केलं. "आता स्लॅब केसभर खाली येणार आणि गर्डरवर बसणार. लोखंड जरा कुरकुरतं. तो आवाज आला की आपलं काम झालं."

एकेक टेकू निघाला. आवाज काही आला नाही. मिस्त्रीने वर पाहिलं, डोकं खाजवलं. "बसेल दोन दिवसांत," म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

आता हे ऐकून दुसरी एखादी गप्प बसली असती. पण चिमीच्या आईला लहानपणापासून प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघायची सवय. दुसऱ्या दिवशी घर रिकामं होताच ती स्टुलावर चढली आणि हाताला लागलेलं विजेचं बिल गर्डर आणि स्लॅबच्या मधल्या फटीत सरकवून पाहिलं. कागद सुळकन आत गेला. ती स्टूल सरकवत सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कागद कुठेच अडला नाही. म्हणजे स्लॅब गर्डरला टेकलेलाच नव्हता.

मग वरची खोली उभी कशावर होती? त्या खोलीत चिमी झोपायची.

"पडायचं असतं तर एव्हाना पडलं असतं," नवरा म्हणाला. "तुला मेलीला नसते उद्योग." तिने चिमीची गादी खाली आपल्या खोलीत आणली आणि मिस्त्रीला फोन केला. तो उद्या येतो म्हणाला. मिस्त्रीचा उद्या कसा असतो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

भिंतीच्या जागी फरशी नव्हती, उघड्या सिमेंटचा पट्टा होता, आणि त्यावर दिवसभर बारीक धूळ बसत राही. खिळे, काचा असतील म्हणून घरात सगळे चपला घालून वावरत होते. तरी दुपारी केर काढायला गेली तर पट्ट्याच्या मधोमध दोन अनवाणी पावलं उमटलेली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

तिने झाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी पावलं तिथेच होती, आणि टाचा जरा जास्त रुतलेल्या. ती उकिडवी बसून बघत राहिली. सिमेंटच्या वासात सासरे पाठीला चोळायचे त्या तेलाचा वास मिसळला होता. भीती वाटायला हवी होती, पण तिला भरून आलं.

"बाबा... तुम्ही धरलंय का?"

तिच्या डोक्याच्या वर कुणीतरी, जिना चढून आल्यासारखं, दमून श्वास घेत होतं.

तिच्याने राहवेना. तिने कोपऱ्यातली खुर्ची पदराने पुसली आणि पट्ट्याजवळ आणून ठेवली. "दमला असाल बाबा. बसा जरा," ती म्हणाली. सासऱ्यांना म्हणायची तशीच, सवयीने. तोवर धरणार कोण, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

ती मिस्त्रीला पुन्हा फोन करायला परसात गेली. परत आली तेव्हा चिमी शाळेतून आली होती. दप्तर दारात पडलं होतं, चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि चिमी पट्ट्याच्या मधोमध मान ताठ करून उभी होती.

"चिमे, तिथे काय करतेस?"

"हळू बोल ना," चिमी पुटपुटली. "आजोबा आत्ताच टेकलेत. तू बसा म्हणालीस ना त्यांना? मला म्हणाले, तोवर जरा धर."

चिमीने आजोबांना कधी पाहिलेलं नव्हतं. ती जन्मायच्या आधीच ते गेले होते.

आईने तिचा दंड धरून ओढला. वर काहीतरी करकरलं आणि स्लॅबच्या कडेने धुळीची धार लागली.

"ओढू नकोस, आई..." चिमीच्या कपाळावर घाम आला होता.

आईने पायातल्या चपला काढल्या. पावलं हळूहळू चिमीच्या पावलांना लावली. आधी काहीच जाणवलं नाही. मग डोक्यावर, मानेवर, पाठीवर वजन उतरत गेलं, कुणी भरलेला हंडा सावकाश हातात द्यावा तसं.

"सोड आता," ती म्हणाली.

चिमी बाजूला झाली आणि मान चोळू लागली. "खेळायला जाऊ?"

"जा. अंगणातच खेळ. पप्पा आले की त्यांना टेकू घेऊन यायला सांग. तू मात्र आत यायचं नाहीस."

चिमी पळाली. आईला मान वळवता येत नव्हती, डोळे तेवढे फिरवता येत होते. खुर्चीचा वेत मधोमध खोल दबला होता.

"बाबा..." ती म्हणाली. "अहो बाबा... उठता का?"

बाहेर ऊन अजून चांगलं तापलेलं होतं. दिवेलागणीला बराच अवकाश होता. आणि खुर्चीतून संथ, तृप्त घोरणं ऐकू येत होतं.