आपण इथे आहात

बंदराच्या धक्क्यावरच्या पर्यटक माहिती केंद्रात मी बसते. बोट कुठून सुटते, दिवसभराचा पास कुठे मिळतो, सामान कुठे ठेवायचं, हे सांगायचं काम. परवा एकाने समुद्र किती वाजता बंद होतो म्हणून विचारलं. त्यालाही मी हसतमुखाने वेळापत्रक दिलं. आमचा नियम एकच. पाहुण्याला ‘कुठे’ विचारायचं, ‘कशाला’ विचारायचं नाही. फुकटच्या नकाशावर आमच्या केंद्रापाशी लाल ठिपका छापलेला असतो, ‘आपण इथे आहात’. तिथून लाल पेनाने वाट आखून द्यायची. आता हात आपोआप चालतो आणि डोकं घरी, आईपाशी असतं. तिचे गुडघे गेलेत. काठीशिवाय ती स्वयंपाकघरापर्यंतही जात नाही, आणि मी येईपर्यंत एकटी असते.

तो गृहस्थ पहिल्यांदा आला तेव्हा त्याला भाजीबाजारात जायचं होतं. सभ्य, हळू बोलणारा. बाहेर कडक ऊन, आणि याची पँट घोट्यापर्यंत ओली. दुसऱ्या दिवशी त्याने तो नकाशा परत केला, दमट झालेला, आणि इस्पितळाची वाट विचारली. नंतर पाण्याची टाकी. माझ्या घरच्या बसचे थांबे ओळीने येत होते, पण त्या बसने निम्मं शहर जातं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मग त्याने टाकीमागची गल्ली विचारली. हाताने सवयीने ती आखलीसुद्धा. तो गेल्यावर पेनाला टोपण लावताना माझ्या लक्षात आलं. त्या गल्लीत पाहण्यासारखं काहीच नाही. एक शिंप्याचं दुकान आहे, आणि समोर आमचं घर.

शेजारच्या खिडकीतल्या तिकीटवाल्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुझ्यावर भाळला असेल. वाट विचारणं काही गुन्हा नाही, असंही म्हणाल्या. घरी आईला विचारलं, कोणी आलं होतं का? माझ्याकडे कोण येतंय, म्हणून ती हसली.

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा समोर.

“शेवटचं एकच. त्या गल्लीतलं कुठलं दार?”

मी घाबरले होते, आणि चिडलेही होते. या खुर्चीवर बसून मी कधी कोणाला चुकीची वाट दाखवली नव्हती.

“ते लोक आता तिथे नाहीत,” मी म्हणाले. “जुन्या जेटीकडे राहायला गेले.” आणि नकाशावर लाल रेघ ओढली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या जेटीच्या फळ्या कधीच वाहून गेल्यात. तिथे कोणी राहत नाही.

त्याने नकाशा नीट घडी करून खिशात ठेवला.

“बरं. मग आईंना तसं सांगतो.”

आईचं नावही मी काढलं नव्हतं.

मी खिडकी बंद केली आणि टॅक्सी पकडली.

गल्लीत शिंप्याने मशीनवरून मान वर केली. “आई तर मघाशीच गेल्या, तुमच्या ऑफिसातल्या माणसाबरोबर. पाय बरे झाले वाटतं. भराभर चालत होत्या.”

दार उघडंच होतं.

काठी दाराशी टेकून उभी होती.

टेबलावर दमट नकाशा पसरलेला होता. जेटीपर्यंतची रेघ माझ्याच हातची. मी तिचं दुसरं टोक शोधलं. ते धक्क्यावर नव्हतं. छापलेला लाल ठिपका आमच्या दारावर होता, आणि रेघ तिथूनच निघाली होती.