कोपरातली खळी

सुगंधांच्या कारखान्यात तेलं मिसळणाऱ्या बाईला सगळे नाकवाली म्हणत, आणि तिला त्याचा मुळीच राग नव्हता. दहाबारा वास घेतले की कुणाचंही नाक बधिर होतं. मग नाकवाली कोपराच्या आतल्या खळीत नाक खुपसून तीन श्वास घेई. आपल्या कातडीचा वास आपल्याला येत नाही, म्हणून नाकाला विसावा तिथेच.

तिच्या आईचं मात्र वेगळं होतं. दृष्टी गेल्यापासून ती लेकीला वासावरून ओळखायची. संध्याकाळी हात नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "आली गं आमची सुताराची लेक." वडील सुतार होते. नाकवाली हसून सोडून द्यायची.

या महिन्यात मात्र तिच्या नाकी नऊ आले होते. मालकांना चुरगळलेल्या पाल्याचा ताजा वास हवा होता, जो अंगावर हळूहळू लाकडाकडे वळेल आणि संध्याकाळपर्यंत टिकेल. सतरा नमुने कागदाच्या पट्टीवर गुणी निघाले आणि अंगावर उनाड. दोन तासांत पसार. अठरावाही गेला तर वास बाहेरून विकत घेऊ आणि तुमची खोली बंद करू, असं मालकांनी सांगून टाकलं होतं. त्या खोलीत तिची बावीस वर्षं गेली होती.

सकाळी नऊला तिने अठरावा नमुना मालक, ड्रायव्हर आणि पॅकिंगच्या बाई यांच्या मनगटांवर लावला. स्वतःला नाही. आपल्याच लेकराला कोण नापास करतं?

आधी पुदिना आणि मरवा आला, ओला, हिरवाकंच. अकराच्या सुमाराला हिरवा वास वाळू लागला आणि तिने धसका घेतला. पण त्याच्याखालून लाकूड वर आलं. नुकतं रंधा मारलेलं, उबदार. एक वाजला, तीन वाजले, वास हलेना.

"वास छान आहे," ड्रायव्हर मनगटाकडे बघत म्हणाला, "पण गाडीत कुणीतरी मागे बसल्यासारखं वाटतंय."

पॅकिंगच्या बाई खोकी बांधता बांधता थांबल्या. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

पाचला मालकांनी मनगट हुंगलं आणि डोळे मिटले. खोली तिचीच राहणार होती. उद्यापासून दहा हजार बाटल्या भरायच्या होत्या. बाहेरून वास आणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तिने बाजी मारली होती. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच खोलीत मोठ्याने हसली.

टेबल आवरताना तिला या नमुन्यासाठी मागवलेली देवदार तेलाची बाटली दिसली. सील जसंच्या तसं होतं.

ती थांबली. सकाळी ती थेंब मोजत होती आणि मधूनमधून खळीत नाक खुपसत होती. त्या नादात लाकूड घालायचंच राहून गेलं होतं. तरी तिघांच्या मनगटांवर लाकूड होतं.

तिने खळी हुंगली. काही वास नव्हता. तिथे तो कधीच नसतो, असं तिने स्वतःला बजावलं. जिंकलं ते जिंकलं. ती बाटली कपाटात मागे सरकवून ती निघाली.

मालकांनी फुलांचा मोठा गुच्छ दिला होता आणि घरी सोडायला गाडी. ड्रायव्हर गुच्छ काढेपर्यंत ती धावतच आत गेली आणि तिने आईपुढे हात धरला.

आईने हुंगला. पुन्हा हुंगला. मग सोडून दिला.

"कोण आपण?"

"आई, मी."

"आवाज अगदी आमच्या मुलीसारखा आहे हो," आई अदबीने म्हणाली. "बसा. येईलच ती."

ड्रायव्हर गुच्छ घेऊन दारात आला. आईचा चेहरा उजळला. तिने चाचपत त्याचं मनगट पकडलं आणि नाकाशी नेलं.

"आली गं आमची सुताराची लेक," ती म्हणाली. "या बाई केव्हाच्या उभ्या आहेत बघ. त्यांना पाणी दे."