देखरेख कोणी बंद केली?

इडा गॅडबॉय खुर्चीत बसली, पण कोट काही काढला नाही.

"दुपारी सुनावणी आहे. मला काढणार. आणि असं नाव खराब झालं की हार्टफर्डमधली दुसरी कुठलीच विमा कंपनी दारात उभं करत नाही."

"आरोप काय?" व्हर्ना पेलेटिएने विचारलं. ती खासगी गुप्तहेर. शेजारी तिचा मेहुणा गस कॉफी ढवळत होता.

"आमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य संगणकावर, नेटवर्कची देखरेख करणारी सेवा आहे. लाइन पडली की ती बोंब मारते. रविवारी माझ्या पाळीत ती बंद झाली. मग दवाखान्यांच्या लाइनी पडल्या आणि सोमवारपर्यंत कुणाला पत्ताच नाही. म्हणतात, मी बंद केली."

"केलीस?"

"नाही."

"रविवारी दुसरं कोण होतं?" गसने विचारलं.

"कोणीच नाही. इमारतीत विजेचं काम होतं म्हणून मशीन बंद केलं, नंतर चालू केलं. या वर्षात पहिल्यांदाच."

जिन्यात गस कुजबुजला, "हिनेच केलंय."

"तू गाडी काढ."

नेटवर्क सांभाळणारा डेझमंड आधीच वैतागलेला होता.

"इडाला ती सेवा बंद करता येते?" व्हर्नाने विचारलं.

"चालू मशीनला हुकूम देऊन, हो. मशीन उठताना जी फाइल वाचतं, त्यात मात्र तिला हात घालता येत नाही. कुठल्या सेवा सुरू करायच्या ते तिथे लिहिलेलं असतं."

"ती फाइल शेवटची कधी बदलली?"

त्याने पडद्यावर पाहिलं. "गेल्या हिवाळ्यात. मीच बदलली."

मग विभागप्रमुख हॅडली क्रेन. हसरा, घाईत.

"ती सेवा मीच आणली हो. एप्रिलमध्ये, संचालकांसमोर. एक ओळ टाइप केली, मशीन थांबवावंही लागलं नाही. टाळ्या पडल्या."

"आणि सोमवारी?"

"तेच केलं. अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू."

"बंद कशी झाली, ते शोधलंत?"

"शोधायचं काय त्यात? पाळी तिची होती."

सुनावणीत व्हर्ना उभी राहिली.

"सेवा कोणीच बंद केली नाही."

"अगं, पण बंद तर होती," गस म्हणाला.

"मशीन उठताना फाइल वाचतं. फाइल हिवाळ्यापासून तशीच आहे. सेवा आली एप्रिलमध्ये. म्हणजे ती ओळ फाइलमध्ये कधी गेलीच नाही. क्रेननी ती चालू मशीनला सांगितली. मशीन चालू होतं तोवर त्याला आठवत होतं. रविवारी मशीन झोपलं, विसरलं."

डेझमंडने डोळे मिटले. "म्हणजे पुढच्या वेळी मशीन बंद केलं की सेवा पुन्हा जाईल."

"माझ्याकडून राहून गेलं," क्रेन म्हणाला.

"राहून जातं. पण घरात कोणी शिरलं असं खरंच वाटलं, तर माणूस आधी कडी बघतो. तुम्ही बघितलीही नाही, सरळ तीच ओळ टाइप केलीत. सेवा का गेली ते तुम्हाला सोमवारीच माहीत होतं."

 सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी इडाला उद्यापासून यायला सांगितलं.

इडा क्रेनकडेच बघत होती.

"काल मी मुलीला फोन केला. म्हटलं, माझ्याकडूनच चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल गं, वय झालं आता." तिने पर्स उचलली. "ती मला डॉक्टरकडे न्यायला निघालीय. बॉस्टनहून."