रेघ सरळ काढ

दुपारचं ताट तसंच सोडून ती उठली. "ताई, दोन घास तरी खाऊन घे," म्हणत धाकटा भाऊ मागे धावला. पण ती गळ्यातली टेप हातात घेऊन तडक रस्त्यावर उतरली होती!

तीस वर्षं कपडे शिवणारी ती. बोटभर फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. रस्तारुंदीच्या लाल खुणा सकाळी झाल्या, तेव्हाच तिला त्या कमीजास्त दिसल्या होत्या. खुणा करणारा सर्व्हेअर तिचा हा भाऊच... आईवडिलांमागे स्वतःच्या लग्नाचा विषयही न काढता, मशीनवर पाय झिजवून तिने शिकवलेला!

रस्त्यामधल्या गटाराच्या झाकणापासून तिने टेप लावली. समोरच्या मोचीकाकांकडची खूण तेरा फुटांवर, तिच्याकडची पाच. म्हणजे तिचं दुकान शाबूत, आणि काकांच्या दहा फुटी खोलीतले आठ फूट जाणार.

"दोन्हीकडे नऊ-नऊ ठरले होते ना रे?"

भावाने मान खाली घातली. "तुझ्यासाठी केलं, ताई. तू माझ्यापायी जन्म जाळलास..."

"तुला ताठ मानेनं जगता यावं म्हणून जाळला. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून मला भरवायला नाही. मोचीकाकांच्या घरातल्या काकू गेल्या तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडकली होती. रस्ता रुंद करा म्हणून घरोघर सह्या मी मागितल्या. आता घरही त्यांचंच जाऊ दे?"

"नकाशा वर गेलाय. आता चूक कबूल केली तर नोकरीवर येईल."

"येऊ दे. शिवण चुकली की उसवावीच लागते. उपाशी राहू, पण ही लबाडी माझ्या दारात चालायची नाही."

तिने टेपचं टोक त्याच्यापुढे धरलं. लहानपणी कापड मोजताना तो असाच समोर उभा राहायचा. क्षणभर तो तिच्याकडे पाहत राहिला... मग झाकणाशी गुडघे टेकून त्याने टोक धरलं.

नऊ फूट बरोबर तिच्या मशीनच्या पायडलखाली आले. भावाने रंगाचा ब्रश उचलला, आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले. "ताई, मला माफ कर. उद्या साहेबांना मीच सांगतो."

तिचेही डोळे भरले होते, पण आवाज ढळला नाही. "आधी रेघ सरळ काढ," ती म्हणाली, आणि पदर खोचून मशीन मागे ओढू लागली.

समोरून मोचीकाका उठून आले. त्यांनी मशीनची दुसरी बाजू उचलली.