तीन दुकानांच्या मागे

मी सुतार. दुकानं लावणं आणि उखडणं हाच माझा धंदा. त्या दिवशी दुपारी जेवून मी एका बंद पडलेल्या मॉलमध्ये गेलो, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दुकानाचं प्लायवूड काढायला. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारत पाडायला सुरुवात होणार होती. काम म्हणाल तर साधं, पण ते मिळावं म्हणून मी आठवडाभर ठेकेदाराच्या मागे लागलो होतो.

कारण चौदा वर्षांपूर्वी त्याच जागी माझी ताई कामाला होती. तेव्हा तिथे कपड्यांचं दुकान होतं. भर दुपारी ट्रायल रूममध्ये राहिलेले कपडे आणायला ती आत गेली, ती बाहेर आलीच नाही. दुकानाला मागचं दार नव्हतं. पोलिसांनी सगळं पालथं घातलं आणि पळून गेली असेल म्हणून हात झटकले. आई अजून दाराला आतून कडी लावू देत नाही.

नंतर तिथे बुटांचं दुकान आलं, मग खेळण्यांचं, मग मोबाइलचं. जुनं कोणी काढलं नव्हतं. प्रत्येकाने आधीच्याच्या फळीवर आपली फळी ठोकलेली. दर खेपेला दुकान वीतभर लहान झालेलं.

सोबतीला फक्त वायरमनकाका होते. वीज तोडून ते खाली तारा गुंडाळत होते. मॉलला खिडकी नसते. बाहेर लख्ख ऊन आणि आत मिट्ट काळोख. बॅटरीच्या उजेडात मी मोबाइलवाल्याची फळी उचकटली. मागून हसऱ्या अस्वलांचा कागद निघाला. त्याच्यामागे बुटांच्या फळ्या. कुजलेल्या गोंदाचा वास येत होता. शेवटच्या फळीत पहार घातली आणि फटीतून कोऱ्या कापडाचा वास आला.

मग दांडीवर हँगर सरकल्याचा आवाज.

"ताई?"

"थांब रे बाळ्या... एक बाई अजून आत आहे."

मला बाळ्या फक्त तीच म्हणायची. हातातली पहार गळून पडली. मी बोटांनीच फळी ओढायला लागलो. नखं उलटली तरी कळलं नाही.

"ताई, उद्या हे पाडणार आहेत गं. आत्ता चल... आई पार थकलीय."

"किती वाजले?"

"तीन."

"मग सुट्टी कुठे झालीय..."

फळी निघाली. मागे ट्रायल रूमचं दार, अर्धवट उघडं. वीज नसताना आत पिवळा दिवा जळत होता. समोरच्या आरशात कोणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. डोक्यावर छत करकरायला लागलं, पण मागे फिरायचं माझ्या मनातच आलं नाही. मी छातीपर्यंत आत शिरलो. तेवढ्यात मागून कोणीतरी कमरेला मिठी मारून ओढायला लागलं आणि एकाएकी मी बाहेर आपटलो. अख्खं छत त्या दारावर कोसळलं.

ते वायरमनकाका होते, छताची करकर ऐकून वर धावत आलेले. मी त्यांना लाथा मारल्या, शिव्या दिल्या, ढिगारा उपसायला धावलो. त्यांनी मला फरफटत पायऱ्यांपर्यंत आणलं.

"मी ओढत होतो, पण तू तसूभर हलत नव्हतास," ते हळूच म्हणाले. "आतून कोणीतरी ढकललं... तेव्हा सुटलास."

सकाळी मी पाडायच्या यंत्रासमोर आडवा पडलो. ठेकेदाराने नाइलाजाने आधी तो कोपरा उपसून दाखवला. विटा निघाल्या, आरशाच्या काचा निघाल्या. बाकी काही नाही.

घरी आल्यावर मी आदल्या दिवशीचा शर्ट आईसमोर धरला. छातीवर पांढऱ्या धुळीचे दोन पंजे उमटले होते. आईने एकावर आपला डावा हात ठेवून पाहिला. ओळखलाच तिने. किती तरी वेळ हात उचलला नाही. मग दुसऱ्या पंजाकडे वळली आणि तिचा हात तिथेच थबकला.

"अरे..." ती म्हणाली, "हाही डावाच आहे."